कुंभारगीचा चार्ज

"राजी, त्याला विचार, चहा घेणार का म्हणावं."

"आण्णा, दादा तुमच्या समोर बसलाय. हात लांब केला तर लागेल तुम्हाला. तुम्हीच विचारा की!"

आण्णांनी पेपर वर उचलला आणि त्याच्या आड तोंड लपवलं. दादानं माझ्याकडं बघून उत्तर दिलं, "घेणार म्हणावं. साखर कमी."

धन्य आहे बाबा तुम्हा दोघांची, असं म्हणत मी उठले. स्वयंपाकघरात आई पुरणपोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "असू दे. आलाय ना तो? एका खोलीत बसलेत ना? तू उगाच तोंड चालवू नकोस." आमच्या घरात तोंड चालवणारी मी एकटीच होते. बाकी सगळे गप्प बसण्यात पटाईत. म्हणून मला मिरजेतच दिली ते बरं झालं, नाहीतर या घरात निरोप पोचवायला कुणी उरलं नसतं.

दिवस क्षमावाणीचा होता. दशलक्षण पर्व संपलं की आम्हा जैनांत त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजा झाली की जो तो हात जोडत सुटतो, वर्षभरात काही कमीजास्त बोललो असेन तर क्षमा असावी, उत्तम क्षमा. आण्णांनी त्या सकाळी अर्ध्या गल्लीची क्षमा मागितली होती. दूधवाल्याची मागितली, शेजारच्या चौगुल्यांच्या नव्या सुनेचीसुद्धा मागितली. ती बिचारी गोंधळून गेली, कारण तिनं आण्णांना पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण पोटच्या मुलाशी बोलायला मात्र मी मध्ये लागत होते.

माझ्या भावाचं नाव शीतल. पुण्यात हे नाव ऐकून लोकांना बाई वाटते आणि त्याला टपालानं साड्यांच्या जाहिराती येतात. आमच्याकडं ते तीर्थंकरांचं नाव, मुलांनाच ठेवतात. आणि आमचे आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, निवृत्त स्टेशन मास्तर. जन्म सगळा सिंगल लाइनवरच्या आडगावच्या स्टेशनांवर काढलेला माणूस.

त्यातलंच एक कुंभारगी. दोघांचं बिनसलं ते तिथं.

सिंगल लाइनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. त्यासाठी टोकन असायचं, लोखंडी गोळा. तो चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवायचा आणि धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला प्लॅटफॉर्मवरून हात उंच करून द्यायचा. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढं जाणार नाही. आण्णांचा हात कधी चुकला नाही. दादा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, सुट्टीला आला होता, आणि त्याला रेल्वेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. एके दिवशी पोर्टर आजारी होता. आण्णांनी नियम मोडून ते कडं दादाच्या हातात दिलं. आयुष्यात नियम मोडल्याचं त्यांचं हे एकच उदाहरण. गाडी धडधडत आली, दादा दचकला आणि त्यानं कडं आधीच सोडलं. गोळा खडीत पडला. गाडी थांबली. आणि नेमके त्याच गाडीत साहेब होते! आण्णांना चार्जशीट मिळालं, चौकशी झाली, सगळ्या विभागात बोभाटा झाला.

घरी आल्यावर आण्णांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुझ्या हातात काही द्यायचं म्हणजे..." वाक्य तिथंच सोडून ते अंघोळीला गेले.

त्या दिवसापासून त्यांनी दादाच्या हातात काही दिलं नाही. स्कूटरची किल्ली द्यायची झाली तरी टेबलावर ठेवायचे. बस्तीत आरतीचं ताट सगळ्यांकडं फिरवताना त्याच्याकडं न देता माझ्याकडं द्यायचे. त्याच्या लग्नात अक्षता टाकल्या, आहेर आईच्या हातून दिला. आधी मला वाटायचं, दादाचा हा भ्रम आहे. मग मी लक्ष ठेवून बघायला लागले. खरंच देत नव्हते. मुद्दाम की सवयीनं, ते देवाला माहीत.

दादा पुण्याला गेला, नोकरीत वर चढला, परदेशी जाऊन आला. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मला म्हणाला, "राजी, मला त्यांचं घर नको, काही नको. एकदा, एकदाच, त्यांनी काहीतरी आपल्या हातानं माझ्या हातात द्यावं. डाळिंबाचे दाणे दिले तरी चालतील." हसत म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते. मी आपली निरांजन सारखं करत राहिले.

तर आण्णा निवृत्त झाले आणि त्यांनी माडीवरच्या खोलीत आगगाडी मांडली. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. खोलीभर प्लायवूडचं टेबल, त्यावर रूळ, घाट, पूल, आणि मधोमध कुंभारगी स्टेशन जसंच्या तसं. पाण्याची टाकी होती, पिंपळ होता, पाटीवर नाव होतं. दिवसभर वर. आई म्हणायची, "नोकरीत असताना निदान जेवायला घरी यायचे."

दादा जर्मनीला गेला तेव्हा त्यानं आण्णांसाठी डिजिटल संच आणला. आधी काय होतं, एक बटण फिरवलं की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळायची. नव्या संचात एक पेटी आणि तिला वायरनं जोडलेला हातातला कंट्रोलर. प्रत्येक इंजिनाला आपला नंबर. कंट्रोलरवर नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकणार, बाकीची उभी. आण्णा अगदी लहान मुलासारखे खूश झाले. पण तोंडानं म्हणाले काय? "राजी, टेबलावर ठेव म्हणावं." झालं. एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूचं स्वागत एवढंच.

मग आण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, पुढं पुढं शर्टाची बटणं लागेनात. कंट्रोलरची चकती हळू फिरवायला जमेना, त्यामुळं गाडी उसळ्या मारत सुटायची, दोन डबे रुळावरून खाली. आण्णा ते उचलून पुन्हा लावत बसायचे, पण कुणाला खोलीत येऊ देईनात. मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "त्या पेटीला आणखी कंट्रोलर जोडता येतात. दोन पाठवतो. एक तुला, एक..." मग जरा थांबून, "एक असू दे जास्तीचा." आणि त्यानं नीट समजावून सांगितलं, "एक गोष्ट आण्णांना आठवणीनं सांग. जसा इंजिनाला नंबर तसा कंट्रोलरलाही आपला नंबर असतो. पेटी नंबर पुकारते, ज्याचा असेल तो उत्तर देतो. आण्णांचा एक नंबर आहे. हे नवे कारखान्यातून एकोणतीस नंबरचे येतात, दोन्ही. ते बदलून वेगवेगळे करायचे. सारख्या नंबरचे दोन जोडले तर दोघंही एकदम बोलायला लागतात आणि पेटी दोघांचंही ऐकत नाही."

मी आण्णांना सांगितलं. "मला शिकवतोय!" असं म्हणून त्यांनी खोकी माळ्यावर टाकली. तिथं ती कित्येक महिने पडून होती.

आणि मग त्या वर्षीच्या दशलक्षणात आण्णांनी ती खोकी खाली काढली. भिंग घेऊन, पुस्तिका उघडून वर बसायला लागले. जेवायला हाक मारली तर वरून "आलो" यायचं आणि आण्णा यायचे नाहीत. पर्व संपत आलं तेव्हा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "शीतलला बोलाव. क्षमावाणीला ये म्हणावं."

मी कान टवकारले. "काय काम आहे म्हणून सांगू?"

"कुंभारगीला काम आहे म्हणावं."

मी हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाला, "येतो." फोन ठेवल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले. खोटं कशाला सांगू?

तर तो आला होता. चहा झाला, जेवायला बसलो. आईनं पुरणपोळी केली होती, कटाची आमटी, भजी. दादाला वाढताना तिचा हात थांबत नव्हता. आण्णा खाली मान घालून डाव्या हातानं जेवत होते आणि दादा ते चोरून बघत होता. गप्पा काही केल्या रंगेनात, तेव्हा आईच म्हणाली, "तुझे आण्णा आता माडी सोडत नाहीत बघ. पण यांची खोडच ती. कुंभारगीहून बदली झाली तेव्हा आठवतंय? नवा मास्तर यायला उशीर झाला. यांना ताप फणफणलेला, मी म्हटलं घरी येऊन पडा की ओ. तर डोक्यावर ओला टॉवेल ठेवून खुर्चीत बसून राहिले!"

"मग काय करू?" आण्णा एकदम म्हणाले. रेल्वेचा विषय निघाला की त्यांची जीभ सुटायची. "चार्ज द्यायची पद्धत असते. जुन्या मास्तरानं आधी उठायचं नाही. नव्यानं यायचं, ताबा घ्यायचा, 'चार्ज घेतला' म्हणायचं. मग जुन्यानं हात काढायचा. मध्ये एक क्षण स्टेशन मोकळं राहता कामा नये. तेवढ्यात गाडी आली म्हणजे?"

"कुंभारगीला दिवसाला गाड्या किती होत्या, आण्णा?" मी चिडवलं.

"एक आली तरी गाडीच," आण्णा म्हणाले. दादा हसला. आण्णांनीही जरा ओठ हलवले. आई माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होती. मला वाटलं, झालं! जमलं!

जेवणानंतर आण्णा कुणाला काही न सांगता वर गेले आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहून हाक मारली, "या रे वर."

राजी ये म्हणाले नाहीत, त्याला सांग म्हणाले नाहीत. या रे, म्हणाले. दादानं आणि मी एकमेकांकडं बघितलं आणि वर गेलो. आईला गुडघे दुखत असल्यानं ती खालीच राहिली.

खोली झाडून पुसून लख्ख केलेली होती. आण्णांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ते आपल्या खुर्चीत बसले होते, डाव्या हातात त्यांचा कंट्रोलर, उजवा हात शर्टाखाली बंडीच्या खिशात खुपसलेला. कुंभारगीच्या प्लॅटफॉर्मला त्यांचं लाडकं काळं इंजिन चार डब्यांची गाडी घेऊन उभं होतं. त्या इंजिनाला आम्ही कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"राजी, तुझा तो तिकडं आहे. दोन नंबर," आण्णा म्हणाले. "तू पलीकडची रेलबस चालव."

"आणि एक नंबर कोण? तुम्हीच की!" मी म्हटलं. आण्णा काही बोलले नाहीत.

मी माझा कंट्रोलर टेबलाच्या कडेच्या सॉकेटमध्ये खोचला. त्याच्या छोट्या पडद्यावर क्षणभर दोनचा आकडा उमटला आणि गेला. चकती फिरवली तर ती एका डब्याची रेलबस निघाली की! मी ओरडलेच. एवढी मोठी बाई, दोन मुलांची आई, पण ती एवढीशी बस माझ्या हुकुमानं पुलावरून गेली तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू.

दुसरा कंट्रोलर कुंभारगी स्टेशनच्या समोर, टेबलाच्या अगदी कडेला ठेवलेला होता.

"घे," आण्णा दादाला म्हणाले.

दादानं हात पुढं केला. कंट्रोलरकडं नाही, आण्णांकडं. तळहात वर करून तो तसाच उभा राहिला. आण्णांनी त्या हाताकडं बघितलं. त्यांचा उजवा हात खिशात हलत होता, शर्टाचं कापड थरथरताना मला दिसत होतं. त्यांनी तो बाहेर काढला नाही. हनुवटीनं टेबलाकडं खूण केली आणि म्हणाले, "घे की. चालव."

दादानं हात मागं घेतला आणि टेबलावरचा कंट्रोलर उचलला. सॉकेटमध्ये खोचताना तो पडद्याकडं बघत नव्हता, आण्णांकडंच बघत होता. मग त्यानं काळ्या इंजिनाचा नंबर दाबला आणि चकती फिरवली.

इंजिन हललं नाही.

त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा नंबर दाबला. माझी रेलबस तिकडं घाटातून मजेत चालली होती आणि याचं इंजिन ढिम्म उभं. दादाच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "वायर सैल असेल." त्यानं पडद्याकडं न बघताच वायर काढून पुन्हा खोचली. काही नाही.

"आण्णा, तुमचा कंट्रोलर सोडा," दादा म्हणाला. किती वर्षांनी तो थेट त्यांच्याशी बोलत होता, आणि बोलला ते हे.

"मी कुठं काय केलंय?"

"तुमच्या हातात आहे तो."

"हातात आहे म्हणजे काय झालं? तू चालव."

"कशी चालवू? हा संच मीच आणलाय आण्णा. एकाच्या हातातली गाडी दुसऱ्याला काढून घेता येते, मला माहीत आहे. राजीची चालते आणि माझी चालत नाही, हे कसं काय?"

"मी काढून घेतलेली नाही!" आण्णांचा आवाज चढला. ते इंजिनाकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी घालमेल होती की मी कधी बघितली नव्हती. "सगळं नीट होतं. सकाळी मी स्वतः चालवून बघितलीय. आत्ता तुझ्या हातात गेलं आणि... तुझ्या हातात काही द्यायचं म्हणजे..."

तिथंच थांबले. तेच वाक्य, तिथंच थांबले.

दादा म्हणाला, "पूर्ण करा की एकदा. इतकी वर्षं झाली, पुढचं काय आहे ते तरी कळू दे मला."

आण्णा इंजिनाकडंच बघत राहिले. दादानं कंट्रोलर होता तिथं, टेबलाच्या कडेला, अगदी हळू ठेवला आणि जिना उतरून गेला.

मी मागोमाग धावले. खाली आई विचारत होती, "अरे, झालं काय? सूर्य बुडायच्या आत संध्याकाळचे चार घास खाऊन तरी निघ की!" त्यानं तिच्या पायाला हात लावला, बॅग उचलली. गल्लीच्या टोकाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, "दादा, आजच्या दिवशी असं जाऊ नकोस. म्हातारा माणूस आहे. तू माग क्षमा, तू लहान आहेस."

"मागायलाच आलो होतो गं," तो म्हणाला. "बसमध्ये सारखं तेच मनात घोळवत आलो." आणि रिक्षात बसला.

मी तणतणत माडीवर गेले. आण्णांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, रेलबस घाटात अडकून पडली होती. ते खुर्चीतच होते. एका हातानं दुसरा हात दाबून धरला होता आणि तरी तो थांबत नव्हता.

"काय मिळवलंत, आण्णा?" मी म्हटलं. "सगळ्या गावाची क्षमा मागितलीत. एकट्या त्याचीच तेवढी जड झाली?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यानं चार्ज घेतलाच नाही."

मला असा संताप आला! म्हटलं, कुठलं काय घेऊन बसलाय हा माणूस. घर मोडायला आलंय आणि याला रेल्वेचे नियम सुचतायत. दाणदाण पाय आपटत मी खाली आले.

आण्णा त्यानंतर माडीवर गेले नाहीत. आईनं खोलीला कुलूप लावलं. पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले, झोपेतच गेले. दादा आला, सगळं रीतसर केलं. स्मशानात अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा पेटतं लाकूड दादाच्या हातात दिलं ते उपाध्यांनी. मला कुणीतरी नंतर सांगितलं की ते घ्यायला दादानं हात पुढं केला आणि कितीतरी वेळ तो लाकूड न घेता तसाच उभा राहिला होता.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. गेल्या मार्गशीर्षात आईनं माडी भाड्यानं द्यायचं ठरवलं. नर्सिंगच्या मुली येणार होत्या. मी दादाला म्हटलं, "ये, तुझी आगगाडी आहे ती, तू घेऊन जा." तो म्हणाला, "माझी कुठली?" पण आला. त्याच्या कानशिलावर आता पांढरे केस आहेत आणि चष्म्याशिवाय दिसत नाही.

कुलूप उघडलं. धुळीखाली सगळं तसंच होतं. तिन्ही कंट्रोलर खोचलेलेच होते, माझा पलीकडं, आण्णांचा खुर्चीच्या बाजूला, दादाचा टेबलाच्या कडेला. काळं इंजिन कुंभारगीलाच उभं होतं. मी फडकं मारलं. दादा म्हणाला, "चालू आहे का बघू तरी, नाहीतर कुणाला द्यायचं म्हटलं तर पंचाईत." त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. पेटीचा हिरवा दिवा लागला.

आणि समोरच्या दोन्ही कंट्रोलरच्या पडद्यांवर क्षणभर आकडे उमटले. दादा वाकलेला होता, चष्मा डोळ्यांवर होता.

"राजी, बटण बंद करून परत लाव," तो म्हणाला.

मी लावलं. मीही बघितलं. आण्णांच्या कंट्रोलरवर एक. दादाच्या कंट्रोलरवर एक.

"नवा एकोणतीसचा येतो," दादा म्हणाला. "आपोआप एक होत नाही. कुणीतरी बटणं दाबून, मुद्दाम, एक करावा लागतो."

मी आण्णांच्या खुर्चीत बसले. तू दोन नंबर, असं ते मला म्हणाले होते. एक नंबर कोण, असं मी विचारलं तेव्हा बोलले नव्हते. त्या थरथरत्या हातानं, भिंगातून बघून, दशलक्षणाचे ते सगळे दिवस वर बसून त्यांनी आपला नंबर त्याला देऊन ठेवला होता. कुंभारगी स्टेशन त्याला द्यायचं होतं, ते काळं इंजिन द्यायचं होतं. पण जुन्या मास्तरानं आधी उठायचं नाही! नव्यानं चार्ज घेतला म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. म्हणून आपला कंट्रोलर जोडलेला ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, ते वाट बघत बसले होते. दादा तो शब्द कधी उच्चारतो याची. आणि एका नंबरचे दोघं झाल्यावर पेटी दोघांचंही ऐकेनाशी झाली. दादानं फोनवर सांगितलं होतं, मी आण्णांना सांगितलं होतं. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. पण आण्णा आपलाच नंबर त्याला देतील, असं दादाच्या आणि माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं, आणि चार्ज द्यायच्या नादात आण्णा ते विसरले.

मी दादाला त्यांचं ते शेवटचं वाक्य सांगितलं. इतकी वर्षं मी ते सांगितलंच नव्हतं, कारण मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं. "त्यानं चार्ज घेतलाच नाही, असं म्हणाले होते."

दादानं आण्णांच्या कंट्रोलरची वायर सॉकेटमधून ओढून काढली. एवढंच करायचं होतं. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही एवढं केलं असतं तर पुरे होतं.

मग टेबलाच्या कडेला ठेवलेल्या कंट्रोलरकडं त्यानं बघितलं. उचलला नाही. माझ्यापुढं तळहात वर करून हात धरला, त्या दिवशी धरला होता तसाच, आणि लहान मुलासारखा म्हणाला, "राजी, तू दे."

मी उठले. पदरानं तो कंट्रोलर पुसला आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला. त्याची बोटं मिटेपर्यंत मी हात काढला नाही.

"चार्ज घेतला," दादा म्हणाला आणि त्यानं चकती फिरवली. चाकं गंजली होती. इंजिन दोनदा अडखळलं, घरघरलं आणि चार डबे ओढत कुंभारगीहून निघालं. दादा ते बघत होता, पण त्याला काही दिसत होतं असं मला वाटत नाही. त्याचा चष्मा भिजला होता.

मी दिलं त्याच्या हातात. पण मी देऊन काय उपयोग? मी काही आण्णा नव्हते.